जितके उंबरे, तितकी चित्रं

दगड घासला की त्याच्यावरचं चित्र जातं. पण जाऊन जाऊन जातं कुठं? टाकीच्या तळाशी राखाडी चिखल होऊन बसतं. मी भोरच्या छापखान्यात निम्मा जन्म दगडच घासले. चिखल उपसायचा कंटाळा, म्हणून तो साठत जायचा. मग कधीतरी फावडं घातलं की वाटायचं, ह्यात किती लक्ष्म्या, किती मारुती, किती गाई-वासरं एकात एक कालवलेली असतील! माझ्या डोक्यातल्या गोष्टींचं तसंच झालंय. नातवंडं म्हणतात, आजोबा, एक सांगा. एक कसली निघते? फावडं घातलं की चार निघतात.

बसा निवांत. मला घाईनं सांगता येत नाही. दगड घाईनं घासला की त्याला खळगा पडतो, आणि खळग्यात शाई साचते. ती सवय हातातनं जिभेवर आली.

तेव्हा भोरला संस्थान होतं, आणि नीरेच्या काठाला तात्यांचा छापखाना होता. तात्या म्हणजे मालक. काळी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि कुणी काही विचारलं की आधी "नाही" म्हणायची खोड. लग्नपत्रिका, जाहीरनामे, दुकानांची लेबलं, सगळं दगडावर छापायचं. जाड, गुळगुळीत दगड, पार परदेशातनं बोटीनं आलेले. त्यावर चित्रं काढायचे ते सखाराम मास्तर. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही. मुंबईच्या मोठ्या चित्रांच्या छापखान्यात काम करून आले होते, म्हणून मास्तर. मी धोंडिबा, हिर्डोशीचा, दगड घासणारा. आणि चौथी गोदावहिनी, मास्तरांची बायको. ती छापखान्याची नव्हती, पण छापखाना तिचा होता म्हणा ना.

* * *

त्या काळी ज्याच्या भिंतीला खिळा, त्याच्या घरात मुंबईची लक्ष्मी. कमळावर उभी, अंगावर जरीचं लुगडं, मागं हत्ती. मास्तरांनी मुंबईच्या त्या छापखान्यात ही एकच लक्ष्मी रोज ढिगानं निघताना पाहिली होती. भोरला आल्यावर ते तात्यांना म्हणाले, "तात्या, एकच बाई येवढ्या घरांत एकदम कशी नांदंल?"

मग त्यांनी आपली रीत काढली. देव तेच, लोकांच्या ओळखीचे. पण त्यांना आणायचं आपल्या मुलखात. एक चित्र एका गावासाठी. त्या गावात जितके उंबरे तितके कागद छापायचे, वर मास्तरांच्या घरचा एक, की दगड माझ्याकडं घासायला. पुन्हा ते चित्र नाही. माझी नात पुण्यात असते, ती म्हणते ह्याला आता लिमिटेड एडिशन म्हणतात. आमी त्याला उंबऱ्याचं चित्र म्हणायचो. तात्या आधी नाहीच म्हणाले. पण जाहीरनामे नसले की मशीन रिकामंच असायचं, आणि गावं तांदूळ द्यायची. भात निघाला की आमच्या छापखान्यात शाईपेक्षा आंबेमोहोराचा वास जास्त.

आणखी एक रीत होती. मास्तर तोंड शेवटी काढायचे. सगळं चित्र दगडावर पुरं व्हायचं, तोंडाची जागा तेवढी कोरी. मग ते त्या गावात जाऊन बसायचे, पाणवठ्यावर, पारावर, आणि तोंड शोधून आणायचे.

पहिलं चित्र गुंजवण्याचं, भाताच्या गावाचं. मास्तरांनी लक्ष्मीला कमळावरनं उतरवली आणि लावणीच्या खाचरात उभी केली. कासोटा घातलेला, एका हातात रोपांची जुडी. हत्तींच्या जागी चिखलणीचे दोन बैल. तात्यांनी चष्मा वर सरकवला आणि दगडाला नाक लावून बघत राहिले.

"मास्तर, लक्ष्मीचे पाय कुठं आहेत?"

"चिखलात."

"बाहेर काढा. लक्ष्मीचे पाय दिसले पाहिजेत."

"काढतो की," मास्तर म्हणाले. "मग लावणी तुमी करा."

पाय चिखलातच राहिले.

* * *

चित्र चांगलं का वाईट हे मास्तर कसं ठरवायचे, ते सांगतो. चित्र गावात वाटलं की पुढच्या शुक्रवारी ते गावात फेरी मारायचे. कुणाला काही विचारायचे नाहीत. दारातनं नुसतं आत बघायचे. बाईमाणसानं काचेवर कुंकू लावलेलं दिसलं की चित्र पास. कुंकू नसलं तर नापास, मग त्याला कुणी कितीबी छान म्हणो. गुंजवण्याची लक्ष्मी घरोघर पास झाली. येताना मास्तर वाटभर शीळ घालत होते.

घरी आले. त्यांच्या सोप्यात दोन चित्रं शेजारीशेजारी. एक मुंबईची लक्ष्मी, लग्नात वहिनीच्या माहेरनं आलेली. तिच्या काचेवर कुंकवाचा थर. दुसरी मास्तरांची गुंजवण्याची लक्ष्मी. तिची काच लख्ख. वहिनी रोज फडक्यानं पुसायची, म्हणून लख्ख. पण कुंकवाचा ठिपका नाही.

मास्तर तिथंच उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "अगं, साऱ्या गावानं लावलं."

वहिनी चुलीपाशी होती. म्हणाली, "लावू द्या की. त्यांना काय ठावं? ही गुंजवण्याची सुंदरा हाय. गेल्या बाजाराला माजी कळशी घेऊन गेली ती अजून दिली न्हाई. तिला कुंकू लावू?"

"अगं, ती सुंदरा न्हाई, लक्ष्मी हाय."

"मग लक्ष्मीला म्हनावं, कळशी दे."

आमी हसलो. मास्तरही हसले. पण त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला एकच लागून राहिलं. सगळ्या मुलखात पास, आणि आपल्या घरात नापास! ते मला म्हणायचे, "धोंडिबा, जवर ती एक बोट लावत न्हाई, तवर मी कसला चितारी?"

* * *

आता दगडाची गंमत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दगडावर चित्र काढायचं ते मेणकट काळ्या खडूनं. मग दगडाला तेजाब-गोंदाचं पाणी द्यायचं. पुढं ओला दगड शाईच्या रुळाखाली गेला की जिथं मेण, तिथंच शाई धरते. बाकी दगड कोरा राहतो. एवढीच सगळी जादू. म्हणून छापखान्यातला पहिला नियम, काढलेल्या दगडाला बोट लावायचं नाही. बोटाला तेल असलं तर दगड ते पिऊन टाकतो. वरनं पुसून काही होत नाही. छापताना ते बोट, त्याच्या रेघांसकट, वर येतं.

हा नियम तात्यांनीच केलेला. आणि मोडला तोही तात्यांनीच.

राजगडाच्या पायथ्याचं पाल गाव, त्या पाल्याचं चित्र होतं. कृष्ण करंगळीवर डोंगर धरतो ते. मास्तरांनी डोंगर काढला राजगड, माचीसकट, आणि त्याच्याखाली पाल्याची माणसं घोंगडी घेऊन उभी. तात्यांना ते इतकं आवडलं की त्या दिवशी नाही म्हणायचंच विसरले. नुकतीच कांदाभजी खाल्लेली. "वा मास्तर," म्हणत त्यांनी दगडावर, गडाच्या बरोबर वर, अंगठा टेकवला.

पहिला कागद निघाला. आभाळात हा एवढा अंगठा, गरगरीत, वाटोळ्या रेघांचा.

तात्यांचं तोंड पडलं. पण मास्तर निवांत. त्यांनी अंगठ्याखाली चार तिरप्या रेघा मारल्या. पावसाचा ढग झाला. गोष्टीत पाऊस होताच.

पाल्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, असला ढग कधी बघितला नाही, हा कुठला? तात्या कधी नव्हे ते गावात आले होते. पुढं होऊन म्हणाले, "तो माझा."

ह्यानंतर वहिनीनं सूत्रं हातात घेतली. दुपारी भाकरी घेऊन यायची ती छापखान्याच्या दारातच बसायची, पुढ्यात चुलीतली राख आणि पाण्याचा तांब्या. जेवण झालं की राखेनं हात चोळल्याशिवाय कुणाला आत सोडायची नाही. तात्या म्हणाले, मी मालक आहे. ती म्हणाली, "मालकांची बोटं बी तेलाचीच असत्यात. दावा हात."

* * *

वेल्ह्याचा मारुती तर मी कधी विसरणार नाही.

मारुती डोंगर उचलून उडतो, हे सगळ्यांनी बघितलेलं. मास्तरांचा मारुती डोंगर खाली ठेवून बसला होता आणि पंच्यानं घाम पुसत होता. तात्या म्हणाले, मारुती दमतो का? मास्तर म्हणाले, डोंगर कुणाच्याबी खांद्यावर असला तरी डोंगरच.

तोंड घेतलं वेल्ह्याच्या शिरपा पैलवानाचं. भला माणूस, छाती रुंद, आणि जेवणात मटण असल्याशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटायचं नाही. चित्र घराघरात लागलं, पास झालं. आणि शिरपाच्या नशिबी उपास आले. जत्रेला पंगतीत बसला की वाढणारा त्याच्यापुढं येऊन थबकायचा. "पैलवान, तुमी?" आणि पातेलं पुढं जायचं. शनिवारी बायका रुईची फुलं आणून त्याच्या दारात ठेवायच्या. त्याच्या सासूनं तर त्याला हाक मारायची सोडली. म्हणायची, देवाला नावानं कसं बोलवू?

शेवटी तो भोरला चालत आला. छापखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, माजं तोंड पुसा."

मास्तर म्हणाले, "दगड कवाच घासला रं. आता घराघरात जाऊन कसं पुसू?"

पैलवान दारातच खाली बसला. मग त्याला सुचलं. "पलीकडच्या गावाला हे चित्र गेलंय का?"

"न्हाई. उंबऱ्याचं चित्र. तुज्या गावापुरतंच."

तेव्हापासून गडी गावाची शीव ओलांडून मटण खायला जायचा. तो म्हणायचा, मास्तरांनी थोडे छापले म्हणून जगलो.

* * *

इकडं मास्तरांनी ठरवलं, वहिनीच्या ओळखीचं नसलेलं तोंड आणायचं. पण हे सोपं नव्हतं. भोरच्या बाजाराला सगळा मुलूख येतो, आणि वहिनी बाजाराला बसली की तिला माणूस, माणसाची सासू आणि सासूचं माहेर, सगळं पाठ. मास्तरांनी सरस्वतीला नदीकाठी बसवून हातात वीणेऐवजी एकतारी दिली. वहिनी म्हणाली, ही धाकटी मावशी कवापासनं गायला लागली? त्यांनी पार्वतीला शेळ्या राखायला लावली; वहिनी म्हणाली, हिच्या शेळीनं आपलं आळू खाल्लं.

मग मास्तर म्हणाले, धोंडिबा, चल घाटाखाली. आमी हिर्डोशीला माझ्या घरी मुक्काम केला, नाचणीची भाकरी बांधून घेतली आणि वरंध्याचा घाट उतरून कोकणात गेलो. उतरताना मास्तरांचे गुडघे बोलायला लागले, पण मन खुशीत. एका विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. मास्तर लांब दगडावर बसून मनात रेघा मारत राहिले. ह्या बाईनं भोर कधी बघितलं नव्हतं, आणि भोरनं हिला.

चित्र झालं. मास्तरांनी ते गुपचूप सोप्यात टांगलं आणि मला म्हणाले, तू बी थांब. वहिनी आली. पदराला हात पुसत चित्रापुढं उभी राहिली. लई वेळ बघितलं.

"ही कोन?"

"तू वळखत न्हाईस," मास्तर म्हणाले. आवाज नुसता फुलला होता.

"व्हय, न्हाई वळखत." वहिनी वळून आत गेली आणि आतनं म्हणाली, "मग परक्या बाईला घरात कशाला आनलं?"

* * *

ह्याच सुमाराला पुण्याचे एक साहेब आले. कोट, घड्याळाची साखळी, चित्रं जमवायचा नाद. त्यांनी कुणाकडनं तरी चिखलातल्या लक्ष्मीचं ऐकलं होतं. तात्यांनी सांगितलं, दगड घासला, आता नाही. साहेब गडी घेऊन थेट गुंजवण्याला गेले. घरोघर हिंडले. पण साल-दरसाल शुक्रवारी कुंकू लावलेलं. कुठं फ्रेमची काच फुटून कुंकू आत गेलेलं, कुठं हळदीनं बैल पिवळे झालेले. एका म्हातारीनं म्हणे विचारलं, "लक्ष्मीचं तोंड दिसत न्हाई, पर हाय ती मागं. चालंल का?"

त्यांना पाहिजे होतं स्वच्छ चित्र. आणि असं स्वच्छ चित्र जगात एकच होतं. तात्यांनीच त्यांना मास्तरांच्या घरी आणलं. कुंकवाचा एक डाग नाही, काच लख्ख. साहेब त्याच्यापुढनं हलेनात. मास्तर खाली बघत बसले होते. त्यांना ते स्वच्छपण मिरवायचं नव्हतं.

साहेबांनी मागितलं. मास्तर म्हणाले, घरातल्यांना विचारा.

वहिनी म्हणाली, "न्हाई द्यायाचं."

साहेब समजूत घालायला लागले. "पण बाई, तुम्ही ह्याची पूजा तर करत नाही."

"न्हाई करत."

"मग?"

"ह्यांची बी करत न्हाई," वहिनी मास्तरांकडं बोट करून म्हणाली. "म्हनून काय त्यांना कुनाला देऊ व्हय?"

साहेब चहा पिऊन गेले. मास्तर त्या दिवशी छापखान्यात आले ते उगाचच हसत होते. थोड्या वेळानं हसू गेलं. म्हणाले, "धोंडिबा, देत न्हाई म्हनली. पर लावलं बी न्हाई."

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी कुणाला फारसा सांगत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तसा कागद मिळेना. तात्या थकले होते. मास्तरांच्या डोळ्यांपुढं जाळी आली होती. खडूचं टोक त्यांना दिसायचं नाही, हातानंच कळायचं. तात्यांनी कुठनं कुठनं एक चळत कागद मिळवला आणि म्हणाले, मास्तर, एवढं एक काढा, मग मशीन बंद. मास्तर म्हणाले, मग हिर्डोशीचं काढतो. धोंडिबाच्या गावाचं राहिलंय.

त्यांनी अन्नपूर्णा काढली. एरवीची अन्नपूर्णा सोन्याची पळी घेऊन शंकराला भिक्षा घालते. ही चुलीपुढं उकिडवी बसलेली. तव्यावर नाचणीची भाकरी. दारात शंकर, घाट चढून आलेला, घोंगडी बाजूला टाकून भिंतीला टेकलेला, आणि ही त्याच्या हातावर भाकरी ठेवतेय. माझ्या घराचा उंबरा, चुलीमागची काळी भिंत, सगळं होतं त्यात. फक्त तोंड नव्हतं.

तोंड काही होईना. मास्तर खडू घेऊन दगडापाशी बसायचे आणि उठायचे. मला म्हणाले, "वळखीची असली तर तिला चालत न्हाई. परकी असली तर चालत न्हाई. तिसरी कुठनं आनू? आनि ह्यो शेवटचा दगड हाय."

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. मशीन धुऊन पुसून ठेवलेलं, चाकाला झेंडूची माळ. पूजा दरवर्षी वहिनी करायची. त्याही वर्षी आली, हातात ताट. मशीनला चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू टाकलं. रुळाला टाकलं. शाईच्या डब्याला, सुरीला, माझ्या घासायच्या दगडांना टाकलं. मेजावर अन्नपूर्णेचा दगड होता, वर कागद झाकलेला. तेजाब-गोंद अजून दिलेला नव्हता. तात्या म्हणाले, "वहिनी, तेवढा सोडा. तो काढलेला आहे."

वहिनीनं कागद उचलला.

ती त्या दगडाकडं बघत राहिली. दगडावर सगळं उलटं असतं, आणि नवखा माणूस गोंधळतो. ती गोंधळली नाही. शंकर बघितला, भाकरी बघितली, कोरी जागा बघितली. मग कमरेची पिशवी सोडली, त्यातनं आपली रोजची, कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी काढली. ज्या बोटानं ती स्वतःच्या कपाळाला लावायची, त्याच बोटावर मेण घेतलं आणि त्या कोऱ्या जागेच्या मधोमध टेकवलं. दाबून. त्यावर कुंकू लावलं.

"वहिनी, मेण!" तात्या ओरडले.

मास्तर उभे होते. त्यांनी हात वर केला, तात्यांना थांबवायला.

वहिनीनं कागद परत झाकला, ताट उचललं. "जेवायला या, पानं वाढलीत," म्हणाली आणि गेली.

दसरा झाल्यावर मी मास्तरांना विचारलं, दगड घासू का, दुसरा काढाल का? ते म्हणाले, "हात लावू नको." त्यांनी कोरड्या कुंच्यानं वरचं कुंकू झाडलं. तेजाब-गोंदाचं पाणी दिलं. तोंड काढलं नाही. मी मशीनचं चाक फिरवलं, आणि पहिला कागद उचलला. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. कपाळाच्या जागी तेवढं एक बोट, रेघांसकट.

"मास्तर," तात्या हळूच म्हणाले, "तोंड?"

"झालंय," मास्तर म्हणाले.

रंग हातानं भरायचे. बाकीचे रंग मी आणि तात्यांनी भरले. प्रत्येक कागदावर त्या बोटावरचा लाल मास्तरांनी स्वतः भरला. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी एकाही रेघेच्या बाहेर गेला नाही.

हिर्डोशीत मी ती चित्रं घरोघर वाटली. तोंड का नाही, असं कुणी विचारलं नाही. माझ्या आईनं घेतलं, चुलीपाशी उजेडाला धरलं आणि म्हणाली, "हिला कुनी तरी आदीच लावलंय की." आणि त्याच्यावर आपलं लावलं.

एक कागद मास्तरांच्या सोप्यात लागला, मुंबईच्या लक्ष्मीच्या शेजारी. मास्तर येता-जाता त्याच्यापुढं थांबायचे. पास म्हणाले नाहीत, नापास म्हणाले नाहीत.

मग दगड माझ्याकडं आला. शंकर लवकर गेला, भाकरी गेली, भिंत गेली. बोट जाईना. मेण खोल उतरलं होतं. मी वाळू घातली, पाणी घातलं, घासत राहिलो. बाकी दगड आरशासारखा झाला तरी ते मधोमध दिसतच होतं. तेव्हा मला एक गोष्ट आठवली आणि माझा हात थांबला. राख घेऊन छापखान्याच्या दारात बसणारी हीच. दगड तेल पितो, हे आमच्यात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मास्तर बाहेर उन्हात बसले होते. वहिनी आत तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि विचारलं, "वहिनी, मशीनला तुमी नुसतं कोरडं कुंकू टाकलं. रुळाला कोरडं, माज्या दगडांना बी कोरडं. त्या एकाच दगडाला आदी मेण कशापाई?"

तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. वर बघितलं नाही.

"कोरडं झडतं रं, धोंडिबा."